गुठळी धरली नाही, म्हणजे पटकी नाही?

पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या वाडीत जुलाब-उलट्यांची साथ आली की बातमीत ‘गॅस्ट्रो’ असे छापून येते. ते रोगाचे नाव नव्हे, लक्षणांचे. आधीच्या पिढ्या ‘पटकी’ (म्हणजे कॉलरा) म्हणत, त्याहून आधी याच किनाऱ्यावर ‘मोडशी’ म्हणत. १५४३ मध्ये गोव्यात आलेल्या साथीच्या पोर्तुगीज वर्णनात हाच शब्द त्यांच्या उच्चारात सापडतो. आज मोडशी म्हणजे साधे अपचन.

१८८४ मध्ये कोलकात्यात पटकीचा स्वल्पविरामासारखा जंतू वेगळा काढला गेला. पण पाण्यातले त्याचे भाऊबंद सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसेच दिसतात. १८९६ मध्ये वाट सापडली. जंतू टोचलेल्या प्राण्याचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पातळ द्रव, त्याच जंतूंत मिसळले की त्यांच्या गुठळ्या होतात. इथे सीरम ओळखीचे असते आणि जंतू अनोळखी. विषमज्वराची विडाल चाचणी त्याच वर्षातली, पण उलट्या दिशेची: जंतू माहीत, तपासायचे ते रुग्णाचे सीरम. ही गल्लत अजूनही होते.

काचपट्टीवरची रीत आजही तीच आहे. मिठाच्या पाण्याच्या दोन थेंबांत प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंच्या वसाहतीतला कण कालवायचा, त्यांतल्या एका थेंबात अँटीसीरम, म्हणजे ते ओळखीचे सीरम, घालायचे, पट्टी हलवायची. मिनिटाच्या आत दही फुटल्यासारखे कण दिसले तर जुळले. नुसत्या मिठाच्या पाण्यातही कण धरले तर मात्र त्या निकालाला अर्थ नाही.

खरा गुंता नावात आहे. सुरुवातीची सीरमे नको त्या जंतूंनाही गुठळवत, कारण शेपटीवरची प्रथिने या सगळ्या भाऊबंदांत सारखीच. १९३५ मध्ये जंतूच्या पृष्ठभागावरच्या, उष्णतेला टिकणाऱ्या ‘ओ’ घटकावरून कुळांची वर्गवारी झाली आणि पटकीचा जंतू ‘ओ१’ ठरला. बाकीच्यांना नाव मिळाले ‘नॅग’, म्हणजे न गुठळणारे. हे नाव चुकीचेच होते. ते ओ१च्या सीरममध्ये गुठळत नाहीत एवढेच. स्वतःच्या कुळाच्या सीरममध्ये व्यवस्थित गुठळतात. आपल्या हातातल्या बाटलीची मर्यादा आपण जंतूचा गुणधर्म म्हणून लिहून ठेवली. पुढे ‘नॉन-ओ१’ हा शब्द आला, तरी ‘पटकी नाही’ हा वाचण्याचा अर्थ बदलला नाही.

उलट बाजूनेही पेच पडला होता. १९०५ मध्ये सिनाईतल्या एल तोर इथे मृत हाजींच्या आतड्यांत मिळालेले जंतू पटकीच्या सीरममध्ये गुठळत होते, पण त्या माणसांना पटकीची लक्षणे नव्हती. त्याला पटकी म्हणायचे की नाही, हा वाद अर्धशतक चालला. १९६१ मध्ये तोच प्रकार इंडोनेशियातून जगभर पसरू लागला आणि १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला पटकी मानले गेले. निर्णय योग्य होता, पण फार उशिरा झाला.

मग १९९२. मद्रासमध्ये आणि पाठोपाठ बंगालच्या उपसागराभोवती प्रौढ माणसे पटकीनेच कोसळत होती, आणि काचपट्टीवर ओ१चे सीरम काहीच दाखवत नव्हते. तोवर १३८ कुळे माहीत होती. हे त्यांपैकी एकही नव्हते. त्याला ओ१३९ म्हटले गेले, नवे अँटीसीरम तयार झाले, आणि नॉन-ओ१ म्हणजे साथ नाही हे समीकरण मोडले.

खाड्यांच्या आपल्या किनाऱ्याला हे जवळून लागू पडते. निमखारे पाणी या जंतूंचे मूळ घर. खाडीच्या पाण्यात किंवा कालवांत ते सापडणे म्हणजे साथ नव्हे; अँटीसीरमने कूळ पाहिल्याशिवाय घबराट पसरवू नये. पण रुग्णाच्या शौचाच्या नमुन्यात तोच जंतू मिळाला आणि ओ१मध्ये गुठळला नाही, तर कागदावर नुसते ‘निगेटिव्ह’ लिहून थांबणे मला गैर वाटते. काय मिळाले आणि कोणत्या सीरमशी ताडून पाहिले, हे दोन्ही तिथे यायला हवे.

आता झटपट तपासणीच्या पट्ट्या आल्या आहेत. त्यांवर एक रेघ ओ१ची, एक ओ१३९ची. तिसऱ्या कुळासाठी रेघ नाही.