व्हिएतनाम युद्ध अमेरिकेच्या शाळांत : वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांना व्हिएतनाम युद्ध कसं शिकवायचं, हा वाद युद्ध ऐन भरात असतानाच शाळेत शिरला. डिसेंबर १९६५ मध्ये आयोवा राज्यातल्या डेस मॉइन्समध्ये काही मुलं दंडाला काळी पट्टी बांधून शाळेत आली. दोन्ही बाजूंच्या मृतांचा शोक आणि युद्धविरामाची मागणी, एवढंच त्यामागे होतं. पट्ट्यांवर आधीच बंदी होती. मुलांना घरी पाठवलं गेलं. त्यांतली मेरी बेथ टिंकर अवघी १३ वर्षांची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २४ फेब्रुवारी १९६९ रोजी ७ विरुद्ध २ मतांनी मुलं जिंकली. विद्यार्थी आणि शिक्षक आपलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून येत नाहीत, असं न्यायालयाने ठणकावलं.

बोलायचा हक्क मिळाला, पण वर्गात सांगायचं काय? कारण खरी माहिती तेव्हा फायलींत बंद होती. उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यालगतच्या टोंकिनच्या आखाताचंच बघा. २ ऑगस्ट १९६४ ला उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी ‘मॅडॉक्स’ या अमेरिकन युद्धनौकेवर हल्ला केला, हे खरं. ४ ऑगस्टला पुन्हा हल्ला झाल्याचं सांगण्यात आलं आणि त्या जोरावर ७ तारखेला संसदेने अध्यक्ष जॉन्सन यांना लष्करी कारवाईची मोकळीक दिली. विरोधात मतं पडली फक्त दोन, तीही सिनेटमध्ये. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता! सरकारी गुप्तचर यंत्रणेतल्याच एका इतिहासकाराने हे कागदोपत्री मांडलं, पण तो अभ्यास जनतेपुढे आला २००५ मध्ये. तोवर मुलांच्या कितीतरी तुकड्या शाळेतून बाहेर पडल्या होत्या.

मृतांच्या आकड्यांतही हाच असमतोल. वॉशिंग्टनच्या स्मारकावर ५८ हजारांहून अधिक अमेरिकन नावं कोरली आहेत. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये आपल्याकडच्या मृतांचा अंदाज दिला, तो सुमारे २० लाख नागरिक आणि ११ लाख सैनिकांचा. दोन्ही आकडे एकाच तासाला फळ्यावर यायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं. त्यात अभ्यासक्रम कालक्रमाने चालतो, त्यामुळे हे युद्ध येतं वर्ष संपता संपता, परीक्षेच्या घाईत.

आता मूळ कागद खुले असल्याने शिक्षक ते थेट मुलांच्या हाती देऊ शकतात. ४ ऑगस्टच्या रात्री जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून केलेलं भाषण, आणि त्याच दिवशी ‘मॅडॉक्स’वरून तिथल्या अमेरिकन युद्धनौकांचे प्रमुख कॅप्टन हेरिक यांनी पाठवलेला संदेश : खराब हवामानाचा रडारवर परिणाम झाला असावा, सोनार यंत्रावरची (पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या) माणसं उतावीळ होती, पुढचं पाऊल टाकण्याआधी सगळं पुन्हा तपासा.