पार्श्वभूमी : नेत्याच्या कचेरीतल्या कर्मचाऱ्यांचा गौरव

अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळांची एक सामायिक राष्ट्रीय संस्था आहे. 2025च्या ऑगस्टमध्ये बोस्टनला भरलेल्या तिच्या अधिवेशनाला भारतातून शंभराहून जास्त आमदार गेले होते आणि त्या दौऱ्याचा पुढाकार पुण्यातला होता. त्यामुळे मराठी वाचकाला ती आता अगदीच परकी राहिलेली नाही. विधिमंडळात नोकरी करणाऱ्यांना ही संस्था दरवर्षी उल्लेखनीय सेवेचे पुरस्कार देते. मसुदा लिहिणारे, अंदाजपत्रक तपासणारे, ग्रंथपाल, सुरक्षा, संगणक असे कर्मचाऱ्यांचे नऊ गट आहेत आणि निवड प्रत्येक गट आपल्यापुरती करतो. त्यातल्या आठ गटांच्या पुरस्कारांवरून सहसा कुणी भुवया उंचावत नाही. नववा गट नेत्यांच्या कचेरीतल्या माणसांचा, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे.

कारण ही माणसे उघडपणे पक्षाची असतात. तिकडे सभापतीसुद्धा बहुमतवाल्या पक्षाचा नेताच असतो. त्याची, दोन्ही बाजूंच्या गटनेत्यांची आणि प्रतोदांची कचेरी सरकारी पगारावर चालते. मतदानाच्या आदल्या रात्री प्रतोदाच्या खोलीत सदस्यांच्या नावांची यादी घेऊन बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. कोण पक्का, कोण डळमळीत, कुणाच्या मतदारसंघातल्या पुलाचे काम अडकलेय, कुणाला खुद्द साहेबांनी फोन करायला हवा, हे सगळे त्याच्याकडे टिपलेले असते. दुसऱ्या दिवशी विधेयक मंजूर झाले की पेपरात फोटो नेत्याचा छापून येतो. त्या माणसाचे नाव कुठे आले, तर बहुधा काहीतरी बिनसलेले असते. अशा कामाचे मोजमाप कुणी आणि कशावर करायचे?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण माणसेच नव्हती. विस्कॉन्सिनने 1901मध्ये आमदारांसाठी संदर्भ ग्रंथालय सुरू केले, कॅलिफोर्नियाने 1941मध्ये अंदाजपत्रकाचा स्वतंत्र विश्लेषक नेमला. बाकी कारभार अधिवेशनापुरत्या हंगामी लोकांवर चाले. चित्र पालटले ते साठच्या दशकात. 1964च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या दोन्ही सभागृहांतले मतदारसंघ लोकसंख्येप्रमाणे आखायला लावले. शहरी, तरुण आमदार निवडून आले आणि त्यांना हाताशी माणसे हवी होती. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1966मध्ये पूर्णवेळ विधिमंडळाला कौल दिला. 1975मध्ये तीन जुन्या संघटना एकत्र होऊन आजची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. 1979च्या गणतीत देशभरात विधिमंडळांचे सुमारे 27 हजार कर्मचारी होते. पुढच्या दशकभरात ते 33 हजारांच्या घरात गेले आणि त्या वाढीत नेत्यांच्या कचेऱ्यांचा वाटा चांगलाच होता.

मग 1990 आले. कॅलिफोर्नियात जनमताने आमदारांच्या कारकिर्दीला मुदतीची वेस घातली आणि त्याच फटक्यात विधिमंडळाचा खर्च 38 टक्क्यांनी छाटला. अनुभवी कर्मचारी घाऊक प्रमाणात बाहेर पडले. आज 16 राज्यांत आमदारांना अशी मुदत आहे. सहा-आठ वर्षांत नेता बदलतो, त्यामुळे सभागृहाच्या चालीरीती ठाऊक असलेला माणूस बऱ्याचदा कचेरीतच सापडतो. सहकाऱ्यांनी सहकाऱ्यांना द्यायचे हे पुरस्कार त्याच नव्वदच्या दशकात रुजले, हे मला स्वाभाविक वाटते.

पण चांगल्या कामाची पावती देण्याची दुसरीही एक वाट होती, आणि तिचा शेवट न्यायालयात झाला. ते प्रकरण पेन्सिल्वेनियातले.

सुरुवात 2005च्या जुलैमध्ये झाली. पहाटे दोनच्या सुमारास, चर्चा न करता, तिथल्या आमदारांनी स्वतःचा पगार वाढवून घेतला. चालू मुदतीत वाढ घेता येत नाही म्हणून ती ‘विनापावती खर्च’ या नावाखाली लगेच उचलायची सोय केली. लोक इतके भडकले की नोव्हेंबरमध्ये कायदा मागे घ्यावा लागला, आणि 2006च्या मे महिन्यात वरिष्ठ सभागृहातले बहुमतवाल्या पक्षाचे दोन बडे नेते पक्षांतर्गत निवडणुकीतच पडले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कनिष्ठ सभागृहाची सत्ता 102 विरुद्ध 101 अशी फिरली. निर्णायक जागेवरचा फरक होता 28 मतांचा.

नवे वर्ष उजाडताच बातमी फुटली, की चारही पक्षगटांनी, म्हणजे दोन्ही सभागृहांतल्या दोन्ही पक्षांच्या आमदारांच्या गटांनी, कर्मचाऱ्यांना गाजावाजा न करता बोनस वाटले होते. दोन वर्षांची बेरीज 36 लाख डॉलरच्या आसपास. सर्वांत मोठा वाटा सत्तेवर आलेल्या गटाचा, तोही निवडणुकीच्या वर्षातला. ‘जास्तीच्या कामाची कदर केली’ असे सांगण्यात आले. तपासात दिसले ते निराळेच. काम जास्तीचे होते खरे, पण बऱ्याच अंशी ते प्रचाराचे होते. 2004मध्ये एका अपक्ष अध्यक्षीय उमेदवाराचे नाव मतपत्रिकेवरून उडवण्यासाठी सह्यांची छाननीही याच लोकांकडून, सरकारी वेळेत करून घेतल्याचा आरोप होता. जुलै 2008मध्ये बारा जणांवर आरोप ठेवले गेले. 2010मध्ये त्याच गटाच्या माजी प्रतोदाला तुरुंगवास झाला. दुसऱ्या पक्षाने खूश व्हायचे कारण नव्हते. त्यांच्या एका माजी सभापतीवर सरकारी पैशाने प्रचाराची संगणक यंत्रणा उभारल्याचा खटला भरला गेला आणि त्याने 2011मध्ये गुन्हा कबूल केला.

गंमत अशी, की त्या राज्याच्या घटनेत 1874पासून एक कलम आहे. सेवा देऊन झाल्यावर सरकारी नोकराला वरकड मोबदला देणारे विधेयक करू नये, असे ते सांगते. बोनस विधेयकाने दिलेच नव्हते, ते गटाच्या खात्यातून गेले. त्यामुळे अक्षराने पळवाट होती, हेतूने नव्हती. आणि इथे मला खालच्या फळीतल्या पोरांची बाजू घ्यावीशी वाटते. सुटी टाकून प्रचाराला जा, असे साहेबाच्या कचेरीतून आल्यावर तिशीच्या आतला सहायक नाही कसा म्हणणार? सुटी टाकून, स्वतःच्या वेळात गेला तर त्यात बेकायदा काही नाही. तीच सुटी बोनसने भरून निघाली की ती सुटी उरत नाही. ही रेघ कुठे ओढायची हे त्याला कुणी नीट शिकवलेले नसते. विस्कॉन्सिनमध्ये 2001मध्ये याच घोळापायी चारही पक्षगटांच्या कचेऱ्या कायमच्या बंद झाल्या आणि पुढच्याच वर्षी दोन्ही पक्षांचे बडे नेते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

या पार्श्वभूमीवर सहकाऱ्यांच्या पुरस्काराची रचना मला शहाणपणाची वाटते. तो मुळात मानाचा आहे आणि निवड परराज्यातले, विरुद्ध पक्षाचेही कर्मचारी करतात. ‘निवडणूक जिंकून दिली’ हे तिथे सांगण्यासारखे कामच नाही. विरोधी कचेरीतल्या माणसाशी शब्द पाळला, नव्या कर्मचाऱ्यांना घडवले, अडलेले अंदाजपत्रक मार्गी लावले, अशा गोष्टी बोलाव्या लागतात. उणीवही आहे. मोठ्या कचेऱ्यांना शिफारस लिहायला सवड मिळते. न्यू हॅम्पशायरसारख्या ठिकाणी, जिथे कनिष्ठ सभागृहात 400 सदस्य आहेत आणि वर्षाचे मानधन 100 डॉलर, तिथे हाताशी मोजकीच माणसे असतात.

आपल्याकडे घटनेच्या 187व्या कलमाने राज्य विधिमंडळाला स्वतंत्र सचिवालय दिले. नेत्यांच्या दालनातले स्वीय सहायक आणि विशेष कार्य अधिकारी (ओएसडी) मात्र कधी प्रतिनियुक्तीवर, कधी साहेबाबरोबर येणारे-जाणारे. महाराष्ट्रातला उत्कृष्ट संसदपटूचा मान सदस्यांसाठी आहे.

तिकडे आता मागणीच बदलली आहे. 2021मध्ये ओरेगॉनच्या आमदारांच्या सहायकांनी मतदान करून युनियन स्थापन केली, देशातली अशी पहिली. कॅलिफोर्नियाने 2023मध्ये कायदा करून 1 जुलै 2026पासून विधिमंडळाच्या कर्मचाऱ्यांना तो हक्क दिला. वाटाघाटींचे विषय पगार आणि कामाचे तास हेच आहेत.