बिघाडासह उड्डाण, पण मुदतीत

१६ एप्रिल २०२५ला अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं आणि दर्यापूर-चांदूरबाजारकडच्या माणसांनाही विमानतळ जवळ आला. आत एखाद्या बटणावर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी दिसली की नवख्याच्या पोटात गोळा येतो. बिघाड माहीत असून उडवतात? हो, उडवतात. रीतसर नोंद करून आणि दुरुस्तीला मुदत घालून.

कापूस घेऊन भर दुपारी जिनिंगला निघालेल्या ट्रॅक्टरचा हेडलाइट गेला तर चालतं, ब्रेक गेला तर नाही. विमानाच्या बाबतीत हा निवाडा आधीच कागदावर झालेला असतो. काय बंद असलं तरी उडता येतं, याची यादीच असते. तिचं नाव एमईएल, म्हणजे मिनिमम इक्विपमेंट लिस्ट. प्रत्येक विमान प्रकाराच्या मूळ यादीवरून कंपनी स्वतःची यादी बनवते. ती मूळ यादीपेक्षा कडक चालते, सैल नाही. भारतात तिला नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाची, डीजीसीएची मंजुरी लागते.

मुदतीचे चार गट आहेत. बी गटाला ३ दिवस, सीला १०, डीला १२०. ए गटातल्या वस्तूची मुदत यादीतच लिहिलेली असते. नोंदीचा दिवस धरत नाहीत. सोमवारी सकाळी नोंदलेला बी गटातला बिघाड गुरुवारी मध्यरात्रीपर्यंत दुरुस्त झाला पाहिजे.

पण एक उड्डाण चालतं, तर शंभर का नाही? खरी मेख इथंच आहे. समजा, एक यंत्र तासाभरात बंद पडण्याची शक्यता १०,००० मध्ये १ आहे. जोडीला तसंच दुसरं, स्वतंत्र यंत्र असेल, तर दोन्ही एकाच तासात जाण्याची शक्यता १० कोटींत १. एक आधीच बंद असेल, तर आपण पुन्हा १०,००० वर येतो, आणि उडालेल्या प्रत्येक तासाला ही जोखीम साठत जाते. मुदत तिला आवर घालते.

काही बिघाडांसोबत अटीही येतात. जेट विमानाच्या शेपटीतलं छोटं इंजिन, एपीयू, बंद असेल तर जमिनीवर वीज आणि हवा बाहेरून पुरवावी लागते. नागपूरच्या मे महिन्यात तोवर प्रवासी घामाघूम! ही सोय नसलेल्या विमानतळावर दोन्ही इंजिनं बंद केली, तर पुन्हा सुरू करायची पंचाईत. हवामान रडार बंद असेल तर वाटेत गडगडाटी ढगांचा अंदाज नसावा लागतो. मृगाच्या तोंडावर विदर्भात ही अट जड जाते.

आणि यादीत बसत असलं, तरी कॅप्टन ‘मी हे विमान नेणार नाही’ म्हणू शकतो.