समता आणि बेफिकिरी: वरून सारख्या, आतून वेगळ्या

बुद्धाची शिकवण वाचायला लागलं की काही जण लवकरच म्हणू लागतात, 'सगळं अनित्य आहे, मग मनाला कशाला लावून घ्यायचं?' घरात वाद झाला तरी गप्प, कुणी टाकून बोललं तरी गप्प. बघणाऱ्याला वाटतं, मन शांत झालं. असेलही. पण बऱ्याचदा ती समता (मनाचा समतोल) नसते, बेफिकिरी असते. हा फरक लक्षात आला नाही तर दुःख हलकं होत नाही, नुसतं आत दडपलं जातं.

समता, म्हणजे पालीतली उपेक्खा, ही चार ब्रह्मविहारांतली, म्हणजे मनात जोपासायच्या चार उदात्त भावनांतली, शेवटची. तिच्याआधी मैत्री, करुणा आणि मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या सुखात आनंद. बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात श्रीलंकेत लिहिलेल्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात प्रत्येक ब्रह्मविहाराचे दूरचे आणि जवळचे शत्रू सांगितले आहेत. समतेचे दूरचे शत्रू म्हणजे आसक्ती आणि द्वेष. ते चटकन ओळखू येतात. जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी, आणि ती समतेचंच रूप घेऊन येते.

खरा फरक वेदनेपाशी कळतो. वडिलांच्या तपासणीचा रिपोर्ट आलाय असं समजा. बेफिकीर माणूस 'जे व्हायचं ते होईल' म्हणत फोन पालथा ठेवतो. आतली भीती त्याने पाहिलेलीच नसते. समता असलेल्या माणसाचीही छाती धडधडते, हात गार पडतात. ते सगळं त्याला पुरतं जाणवतं, पण 'हे मला नकोच' म्हणत तो त्याच्याशी झगडत बसत नाही. रिपोर्ट उघडतो, नीट वाचतो, डॉक्टरांना फोन लावतो. जे आपल्या हातात नाही त्यावर हट्ट नाही, आणि जे हातात आहे त्यातून अंग काढून घेणं नाही.

विनयपिटकाच्या, म्हणजे भिक्खूसंघाच्या नियमग्रंथाच्या, महावग्ग या भागातला एक प्रसंग मला इथे फार मोलाचा वाटतो. एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तोही कधी कुणाच्या उपयोगी पडला नव्हता. बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला पाणी आणायला सांगितलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं. मग बुद्धांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून उचलून त्याला खाटेवर निजवलं. नंतर भिक्खूंना सांगितलं, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. ज्यांच्याकडून समता शिकायची, ते असे वागत होते.

गफलत बहुधा क्रमात होते. विसुद्धिमग्गात आधीच्या तिन्ही भावनांचा अभ्यास पक्का झाल्यावरच उपेक्खा येते. दुःखाने गांजलेला माणूस मात्र थेट शेवटच्या पायरीवर उडी मारू पाहतो, आणि ते अगदी समजण्यासारखं आहे, कारण त्याला दुखणं तातडीने थांबायला हवं असतं. पण माया नसताना आलेली शांतता कोरडी पडते.

स्वतःला तपासायचं असेल तर एकच प्रश्न पुरतो: समोरच्याचं भलं झालं तर मला आनंद होईल का? उत्तर 'मला काय त्याचं' असं आलं तर तेवढ्यापुरती समता बाजूला ठेवावी आणि त्याच माणसासाठी मैत्रीभावना करायला बसावं: तो सुखी होवो, त्याचं दुःख दूर होवो. सुरुवातीला शब्द नुसते ओठांवरच राहतील. तरी चालेल.