राजवाड्याखालून जाणारं भुयार

इंदूर मेट्रोचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ रोजी, अहिल्याबाईंच्या ३०० व्या जयंतीच्या दिवशी सुरू झाला. गांधीनगरापासून सुपर कॉरिडॉरवर जेमतेम सहा किलोमीटर, सगळा खांबांवरून. आजूबाजूला मोकळी जमीन, त्यामुळे जुन्या वास्तूंचा प्रश्नच तिथे आला नाही. वाद पेटला तो भुयारी भागावरून: रेल्वे स्टेशन, होळकरांचा राजवाडा, छोटा गणपती, बडा गणपती आणि पुढे विमानतळ.

या वादाची मुळं जुनी आहेत. इंदूरचे राजे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि १८७० च्या दशकात खंडवा-इंदूर रूळ पडले, पण ते जुन्या वस्तीच्या कडेनंच राहिले. गल्ल्यांवर खरी वेळ आली ती प्लेगनंतर, रस्ते रुंद करायच्या योजनांमुळे. तेव्हा होळकर दरबारानं स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये आला. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध होता. अडचण करणारी तेवढीच भिंत काढा, बाकीची वस्ती सांभाळा, असं त्यांचं म्हणणं. दिवाळीची मिरवणूकसुद्धा ज्या रस्त्यांवरच्या लोकांनी घरं उत्तम साफसूफ आणि दुरुस्त केली, त्याच रस्त्यांवरून नेण्याची शक्कल त्यांनी लढवली. शंभर वर्षांनंतर स्मार्ट सिटीच्या नावाखाली बडा गणपती ते कृष्णपुरा रस्ता रुंद झाला, तेव्हा कित्येक घरांचे दर्शनी भाग कापले गेले. गेडिस यांचा अहवाल आपण अभिमानानं मिरवतो, वाचत मात्र नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खुद्द राजवाड्यानं बरंच सोसलं आहे. सात मजली वास्तू, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांच्या फौजेनं तो जाळला, १९८४ च्या दंगलीत पुन्हा आग लागली. आता तो राज्य संरक्षित स्मारक आहे. त्याच्या पायाशी काम सुरू झालं तर सगळ्यांचं लक्ष असेल, म्हणून मला त्याची धास्ती त्या मानानं कमी वाटते.

धास्ती आहे ती स्थानकांची. बोगदा यंत्रानं खोलवर खणला जातो, वरच्या माणसाला तो दिसतही नाही. स्थानकाचा खड्डा मात्र सहसा वरूनच खणावा लागतो आणि त्यासाठी मोकळी जागा लागते. दाट वस्तीत ती आणायची कुठून? राणी सराय या जुन्या वास्तूच्या आवारातली झाडं आणि त्यांवर उतरणारे पोपट वाचवायला लोक रस्त्यावर आले ते याचमुळे. छोटा गणपती स्थानकाला रहिवाशांनी विरोध केला, त्याचंही कारण हेच.

भोवतालचे वाडे कशावर उभे आहेत तेही पाहायला हवं. सागवानी खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे बैठकीच्या दगडावर, नुसता टेकवलेला, त्यावर तुळई, वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत. भिंती विटांच्या, चुन्यात बांधलेल्या, आणि बहुतेक शेजाऱ्याच्या भिंतीला टेकून. खाली काळी माती, पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात आकसणारी. अशा घराला हादऱ्यापेक्षा जमीन खचण्याचं भय जास्त. कोलकात्यात बऊबाजारला ३१ ऑगस्ट २०१९ ला बोगद्याच्या यंत्रानं पाण्याचा थर फोडला, माती वाहून गेली आणि वरची जुनी घरं कोसळली. शेकडो लोकांना घर सोडावं लागलं. तिथली माती गाळाची, आपल्याकडे काळ्या मातीखाली बेसॉल्ट. फरक मोठा आहे. पण आपल्या जमिनीखाली बुजवलेल्या, झाकलेल्या बावड्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरी, आहेत. पटेलनगरला ३० मार्च २०२३ रोजी रामनवमीच्या दिवशी मंदिरातल्या बावडीवरचं छत खचलं आणि ३६ जण गेले. जुन्या इंदुरात अशा किती विहिरींवर फरशी घातली आहे, हे वयस्कर रहिवाशांना विचारूनच कळेल.

स्मारकांच्या यादीत राजवाडा आहे, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं, आहेत. मल्हारगंज-इतवारियातल्या साध्या वाड्यांना तसं कवच नाही. निदान प्रत्येक घराचे फोटो आणि भेगांची नोंद यंत्र उतरण्याआधी व्हावी. भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवतात. भेग रुंदावली की काच तडकते. खर्च अगदी किरकोळ. ही नोंद आधी नसेल तर भेग जुनी की मेट्रोची, यावरच घरमालकाच्या भरपाईचा दावा अडकून पडतो.