पिकअपचा जादा बॅक लाइट: हॅलोजनपासून एलईडीपर्यंत

पिकअपला कंपनीतून मिळणारा रिव्हर्स लाइट म्हणजे 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब. उजेड साधारण 460 ल्युमेन, तोही टेललाइटच्या कोपऱ्यातल्या एका कप्प्यातून पडणारा. गाडी मागे येते आहे हे मागच्याला कळायला तो पुरतो. ड्रायव्हरला मागचा खड्डा दिसायला पुरत नाही. आंबिया बहाराच्या तोडणीच्या दिवसांत काटोल-नरखेडकडची संत्री भरून अंधारात नागपूरच्या कळमना बाजारात पोचणाऱ्या, किंवा बागेतून धुऱ्याधुऱ्याने उलटी काढावी लागणाऱ्या गाडीचं एवढ्यावर भागत नाही. नागपुरात जादा बॅक लाइट बसवण्याचं काम सुरू झालं ते या गरजेतून. हौस नंतर आली.

1921 च्या विल्स सेंट क्लेअर या अमेरिकी मोटारीवर मागे येताना लागणारा दिवा होता. सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांत तो वेगळ्या बटणावर असे. बटण बंद करायला विसरलं की मागून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पांढरा झोत. म्हणून पुढे दिवा गिअरला जोडला गेला: रिव्हर्स पडला की गिअर बॉक्सवरचा छोटा स्विच मिळतो, गिअर निघाला की दिवा विझतो. अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या अखेरीस तो नव्या कारना सक्तीचा झाला. आज जादा दिव्यांसाठी डॅशबोर्डवर स्वतंत्र बटण टाकून मागणारे शंभर वर्षांपूर्वीचीच अडचण पैसे देऊन विकत घेतात.

आपल्याकडे 1988 मध्ये टाटामोबाइल 206 आली, मग टाटा 207, महिंद्राच्या पिकअप, 2005 मध्ये टाटा एस. छोटा माल ट्रकवरून या गाड्यांवर आला तशी त्यांची बॉडीही बदलत गेली. हौद्याच्या बाजू वाढवल्या, फाळका (हौद्याचं मागचं झडप) उंच केला, वर ताडपत्रीचा सांगाडा चढला. आतला आरसा निकामी झाला, राहिले फक्त बाजूचे दोन. त्यात दिसायचं तर मागे उजेड हवा.

पहिला उपाय हॅलोजनचा. ट्रकच्या कामाला येणारे 55 वॅटचे दोन चौकोनी दिवे हौद्याखाली आवळायचे आणि मूळ रिव्हर्स लाइटच्या वायरला सरळ जोड मारायचा. त्यातल्या एका एच-3 हॅलोजन बल्बचा उजेड 1450 ल्युमेनच्या घरात, म्हणजे फरक लगेच दिसायचा. पण दोन दिव्यांचे 110 वॅट म्हणजे 9 अँपियरच्या वर करंट. मूळ बल्ब दोन असले तरी साडेतीनच अँपियर घेतात, आणि गिअर बॉक्सवरचा स्विच तेवढ्याच हिशेबाने बनवलेला. त्याचे पॉइंट काळे पडत, मग दिवा कधी लागे, कधी नाही. कित्येक गाड्यांत या दिव्याचा फ्यूज मीटर किंवा इंडिकेटरलाही पुरवठा करतो. तो उडाला की रिव्हर्स टाकताच मीटर बंद. त्यावर फ्यूजच्या जागी जाड तार घातली की जळण्याची पुढची पाळी हार्नेसची, म्हणजे गाडीच्या वायरिंगच्या जुडग्याची. याच वायरला वाजणारा रिव्हर्स हॉर्नही जोडलेला असायचा, हे वेगळंच.

या दुखण्यावर औषध रिलेचं, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचं, आणि ते जुनंच आहे. रिलेच्या पिनांवरचे आकडे जर्मनीच्या डीआयएन 72552 या मानकातले: 30 वर बॅटरीचा फ्यूजमधून आलेला पुरवठा, 87 वरून दिव्यांकडे, 86 ला रिव्हर्स लाइटची वायर, 85 ला अर्थिंग. 85-86 मधली कॉइल, म्हणजे रिले ओढणारं वेटोळं, 0.2 अँपियरसुद्धा घेत नाही, त्यामुळे स्विचवर जादा भार येत नाही. पाच पिनांच्या रिलेत 87ए नावाची पिन असते. दिव्यांची वायर चुकून तिथे गेली की गाडी पुढे जाताना दिवे लागतात आणि रिव्हर्स टाकला की विझतात. रिलेत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर 85-86 ची अदलाबदल चालत नाही. आणि नागपुरातल्या वाडी, ट्रान्सपोर्ट नगरच्या बाजूला ट्रकचंच सामान जास्त, म्हणून व्होल्ट वाचूनच घ्यावं. ट्रकचा 24 व्होल्टचा रिले पिकअपच्या 12 वर भरवशाने ओढत नाही. उन्हाने तापला की मुळीच नाही.

1990 च्या दशकात जपानमध्ये निळा, मग पांढरा एलईडी तयार झाला (त्या निळ्या एलईडीला 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं), आणि पुढे दिवे स्वस्त झाल्यावर हॅलोजन मागे पडला. आता 18 वॅटचे दोन एलईडी दिवे मिळून 3 अँपियर घेतात. 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते: 6 मीटरच्या ओढीत जेमतेम 0.2 व्होल्ट पडतात. फ्यूज 5 अँपियरचा, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. तो मागे दिव्यापाशी बसवला तर मधली सगळी वायर उघडीच राहिली. करंट कमी म्हणून रिले गाळायचा मोह होतो. गाळू नये, कारण मूळचे बल्ब त्याच स्विचवर आहेतच.

एलईडीने जुनी दुखणी घालवली आणि नवी आणली. नागपूरचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढे जातो. सायलेन्सरलगत बसवलेल्या दिव्यातली ड्रायव्हर सर्किट (एलईडीला करंट मोजून देणारी) आधी लुकलुकते, मग मरते. काळ्या टेपचा डिंक पाघळतो, टेप सुटते, पहिल्या पावसात जोडावर हिरवा गंज चढतो. जोड क्रिंप करून (टोपी दाबून आवळून) त्यावर डिंकवाली हीट श्रिंक, म्हणजे उष्णतेने आवळणारी, नळी चढवली तर हे टळतं. वायर कोरुगेटेड (पन्हाळी) नळीतून, चेसिसच्या आतल्या बाजूने, दर फुटावर बांधलेली. अर्थिंगसाठी चेसिसचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर लग (वायरच्या टोकाची कडी) आवळायचा आणि वरून ग्रीस. रिव्हर्स टाकल्यावर टेललाइट मंद तांबूस पेटत असेल तर दिवा बदलत बसू नये. अर्थिंग ढिली आहे आणि करंट दुसऱ्या बल्बमधून परतीची वाट शोधतो आहे.

नियमांचा धागाही त्या सुरुवातीच्या बटणावरच्या दिव्यापाशीच पोचतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 108 प्रमाणे गाडीच्या मागे लाल सोडून दुसरा दिवा दिसता कामा नये. सूट मोजकी, त्यात नंबर प्लेटचा उजेड आणि रिव्हर्स घेतानाचा पांढरा दिवा. म्हणजे गिअरवर लागणारा दिवा एकवेळ बसतो, चालत्या गाडीत बटणावर लागणारा बसत नाही. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 48 आणखी बारकाईत जातो: 6 मीटरपर्यंतच्या गाडीला एक रिव्हर्स लाइट सक्तीचा, दुसरा ऐच्छिक; जमिनीपासून उंची 250 ते 1200 मिलिमीटर. ताडपत्रीच्या सांगाड्यावर बांधलेला दिवा यात कुठेच बसत नाही, आणि तो मागच्या ड्रायव्हरचे डोळे दिपवतो तो वेगळा. जागा फाळक्याखाली, तोंड किंचित खाली: 3 मीटरवर झोताचा मध्य जमिनीला टेकला पाहिजे.

मूळचे दोन रिव्हर्स लाइट असतील तर जादा जोडी हे फक्त आवारातले आणि बागेतले कामाचे दिवे. म्हणून रिलेच्या 86 पिनच्या वायरवर कॅबिनमध्ये एक बंद करायचा स्विच ठेवावा: रस्त्यावर बंद, कामाच्या जागी चालू, आणि चालू असतानाही दिवा लागेल तो गिअरवरच. दिव्यांजवळ पाणी न शिरणारा दोन पिनांचा कपलर (वायर जोडता-सोडवता येणारा प्लग) टाकावा. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस तपासणीला गाडी न्यावी लागते, तेव्हा वायर न कापता जोडी उतरवता येते.