पहाटेची कळ आणि 6 तास

पहाटे 3 वाजता कळव्यातला 14 वर्षांचा एखादा मुलगा कळवळत उठतो. "काय झालं रे?" "पोटात दुखतंय." उलटीही होते. मग ओवा, गरम पाण्याची पिशवी आणि "रात्री स्टेशनवरचा वडापाव खाल्लास ना?" दुखत असतं अंडकोषात, पण ते आईला सांगणार कसं? अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर!

तसं पोरगं अगदीच खोटं बोलत नसतं. गर्भात वृषण तयार होतात पोटात, मूत्रपिंडांजवळ. पुढे ते खाली उतरतात, पण नसा आणि रक्तवाहिन्या वरूनच येतात. म्हणून तिथलं दुखणं पोटात जाणवतं, आणि मुतखड्याची कळ अंडकोषात उतरते.

खरी भीती पीळ पडण्याची. वृषण रक्तवाहिन्यांच्या देठाला लटकलेला असतो आणि मागून आवरणाला चिकटलेला. काहींमध्ये ही पकड जन्मतःच ढिली असते. मग तो घंटेच्या लोलकासारखा मोकळा झुलतो आणि कधीतरी, अगदी झोपेतही, गर्रकन फिरतो. देठ आवळला की रक्त थांबतं. 6 तासांच्या आत पीळ सुटला तर वृषण बहुतेक वेळा वाचतो. 24 तासांनंतर क्वचितच.

डॉक्टर मांडीच्या आतल्या बाजूला हलकेच बोट फिरवतात. एरवी त्या बाजूचा वृषण चटकन वर सरकतो. पीळ असेल तर सहसा ढिम्म हलत नाही. डॉपलर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसतो, पण लक्षणं स्पष्ट असतील तर तिच्यासाठी खोळंबण्यात अर्थ नाही, थेट ऑपरेशन. पीळ सोडवून वृषण टाक्यांनी जागेवर बसवतात, आणि दुसऱ्या बाजूचाही. "चांगल्या बाजूला कशाला हात लावता?" असं आईवडील हमखास विचारतात. कारण ढिलाई बहुधा दोन्हीकडे असते.

दुखणं एक-दोन दिवसांत हळूहळू वाढलं, ताप आला, लघवीला जळजळ झाली, तर बहुधा जंतुसंसर्ग. त्यावर अँटिबायोटिक, विश्रांती आणि घट्ट चड्डीचा आधार. पण मुलाला अचानक कळ आली असताना मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या आणणं मला तरी जुगार वाटतो. लोकलमध्ये उभं राहून संध्याकाळी डाव्या बाजूला जडपणा येत असेल, तर तिथल्या शिरा फुगलेल्या असू शकतात. त्याला घाई नाही. न दुखणारी टणक गाठ मात्र लवकर दाखवावी, कर्करोग बऱ्याचदा दुखत नाही.

घोडबंदर रोडवर गाडी अडकली की वेळ कसा जातो, ते ठाणेकरांना सांगायला नको. म्हणून निघण्याआधी हॉस्पिटलला फोन करून विचारा, आत्ता सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळतील का? आणि वाटेत पोराला काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.